'सांगता येत नाही' चा रकाना

परवा क्लासमध्ये पॉलिटीचा, म्हणजे राज्यव्यवस्थेचा तास चालू होता, उपराष्ट्रपतींची निवडणूक शिकवत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं की मॅडम, अमेरिकेच्या अध्यक्षाचं रेटिंग घसरलं, वाढलं असं मोबाईलवर रोज येतंय, मग आपल्या उपराष्ट्रपतींचं रेटिंग किती आहे? पोरं हसली, पण प्रश्न चांगला होता. मी सांगितलं की आपल्याकडं ते, म्हणजे शंभरातल्या किती जणांना काम पसंत आहे ते, कुणी मोजत बसत नाही, कारण उपराष्ट्रपती आपण निवडतच नाही, लोकसभा आणि राज्यसभेचे खासदार निवडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले त्यात तुमचं माझं मत नव्हतं, आणि त्याआधी ते आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल होते तरी या वर्गातल्या किती जणांना ते माहीत होतं, हात वर करा. चार हात वर झाले.

मग मी म्हणलं, बरं, आत्ता दारात कुणी कागद घेऊन आलं आणि विचारलं की उपराष्ट्रपतींच्या कामावर तुम्ही समाधानी आहात का, तर काय सांगाल? एक जण म्हणला चांगलंय. कामून चांगलंय म्हणलं तर गप्प. दुसरा म्हणला तसं काही वाईट तर ऐकलं नाही. आणि उदगीरकडची एक मुलगी आहे, कमी बोलते, ती म्हणली, "मॅडम, सांगता येत नाही."

तिला मी म्हणलं की हेच खरं उत्तर आहे, आणि मग तास संपेपर्यंत माझं लक्ष काही लागलं नाही, कारण ते तीन शब्द मी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी शेकडो वेळा ऐकलेत आणि त्यातले कित्येक माझ्या हातानं खोडलेत. आज तेच लिहायला बसलेय.

एमए झालं तेव्हा नोकरी नव्हती. अंबाजोगाईहून लातूरला आले, प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी चालू होती, हातात पैसे नाहीत. मैत्रिणीनं सांगितलं की एक सर्व्हे कंपनी पोरी घेतेय, एका फॉर्ममागं पैसे देतात, जायचं यायचं भाडं वेगळं. गेले. औसा, निलंगा, रेणापूर या तालुक्यांतली गावं वाटून दिली होती. तेव्हा टॅब वगैरे नव्हतं, कागदाचे फॉर्म, पॅड, निळा पेन, पाण्याची बाटली. मतदार यादीतली नावं दिलेली असायची, त्याच माणसाला शोधून विचारायचं, तो नसला तर शेजारच्याला नाही. प्रश्न होते पंचवीस-तीस. त्यातला नववा प्रश्न मला अजून पाठ आहे, राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या कामगिरीवर तुम्ही किती समाधानी आहात? खूप समाधानी, काही प्रमाणात समाधानी, असमाधानी, सांगता येत नाही.

गावात तुम्ही असा कागद घेऊन शिरलात की पाच मिनिटांत दहा जण गोळा होतात. कुणाला वाटतं घरकुलाची यादी आली, कुणाला वाटतं दारिद्र्यरेषेचं काहीतरी आहे. ज्याला विचारायचं तो बाजेवर बसलेला आणि त्याच्या मागं ग्रामपंचायतीचा माणूस उभा. आता हा काय सांगणार? म्हणतो, "चांगलंच हाय की, लिवा." मी लिहिलं, खूप समाधानी. दुसऱ्या दिवशी तोच माणूस मला फाट्यावर एकटा भेटला, एसटीची वाट बघत होतो दोघं, तेव्हा त्यानं तूर गेली, विमा आला नाही, पोरीचं लग्न मोडलं हे सगळं सांगितलं आणि सरकारला अशा शिव्या दिल्या की इथं लिहिता येणार नाहीत. माझा फॉर्म तर जमा झाला होता. त्या कागदावर तो आजही खूप समाधानीच असणार.

आणि बायका. "आमाला काय कळतंय माय, मालकाला इचारा." हे मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी ऐकायच्या आधीच पेन चौथ्या रकान्याकडं जायचा. पण कळत नाही असं अजिबात नव्हतं. रेशनला किती किलो गहू आला, टँकर कुणाच्या दारात थांबतो, शाळेतल्या खिचडीत काय असतं, सगळं बोटावर. त्यांना फक्त मुख्यमंत्री नावाच्या माणसाशी त्याचा संबंध आहे की नाही हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

आठवड्यानं सुपरवायझरनं फॉर्म बघितले आणि म्हणला, ताई, तुमचे सांगता येत नाही लई होतायत, शंभरात तीस-पस्तीस, वरून ओरडा बसतो, पाचच्या आत आणा. कसं आणू विचारलं तर म्हणला, परत विचारायचं, थोडं ढकलायचं, तरी नाही बोललं तर मधलं टाकायचं, काही प्रमाणात समाधानी, त्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

मी टाकलं. पैशाची गरज होती हे कारण आहे पण तेवढंच नाही, मला खरंच वाटलं की हा सिनियर माणूस आहे, पद्धत अशीच असणार. निलंग्याकडच्या एका आजीला मी तीनदा विचारलं. ती तीनदा म्हणली, "मला न्हाई सांगता येत लेकरा." चौथ्यांदा म्हणली, "तुला काय लिवायचं ते लिव, पर उनात उभं राहू नको, आत ये." तिनं ताक दिलं. मी आत बसून ताक पिलं आणि तिच्या नावापुढं मधल्या रकान्यात खूण केली. हे मला अजून टोचतं.

आता त्या पोराच्या अमेरिकेकडं येते. तिथं हे मोजायला फार जुनी सुरुवात झाली. जॉर्ज गॅलप नावाच्या माणसानं १९३५ मध्ये लोकमत मोजायची संस्था काढली. १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लिटररी डायजेस्ट नावाच्या मोठ्या साप्ताहिकानं जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या, वीस लाखांच्या वर उत्तरं आली, आणि त्यांनी सांगितलं विरोधी उमेदवार लँडन जिंकणार. गॅलपनं त्याच्यापेक्षा कितीतरी कमी माणसं विचारली आणि सांगितलं तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. कारण साप्ताहिकानं पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांमधून, आणि मंदीच्या त्या काळात ज्याच्याकडं फोन आणि गाडी तो रूझवेल्टच्या विरोधातला असायची शक्यता जास्त. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरंय, पण शीत वरच्या थरातलंच उचललं तर खाली भात लागलाय का कच्चा हे कसं कळणार. हजार-दीड हजार माणसं नीट निवडली तर अख्ख्या देशाचा अंदाज तीन-चार टक्क्यांच्या फरकानं येतो, हे गणित पक्कं आहे, मी त्याच्यावर भांडत नाही. मी दारातल्या त्या दहा मिनिटांवर भांडते.

गॅलपचा प्रश्न साधा होता, अमुक माणूस अध्यक्ष म्हणून जे काम करतोय ते तुम्हाला पसंत आहे की नापसंत. दशकानुदशकं तोच प्रश्न, जवळपास त्याच शब्दांत, म्हणून ट्रुमनची तुलना बायडनशी करता येते. आणि ट्रुमन हा माणूस मला या सगळ्या आकड्यांत सगळ्यात जवळचा वाटतो. तो उपाध्यक्ष होता अवघा ८२ दिवस. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले आणि हा अध्यक्ष झाला, अणुबाँब बनतोय हेसुद्धा त्याला उपाध्यक्ष असताना नीट सांगितलेलं नव्हतं. जूनमध्ये त्याचं रेटिंग ८७ टक्के. दोन महिन्यांत लोकांनी त्याचं काय बघितलं होतं? युरोपातलं युद्ध संपलं होतं, थोरला माणूस गेल्याचं दुःख होतं, आणि नवीन माणसाला लोकांनी बळ दिलं. पाठीवर हात ठेवला म्हणा. मग फेब्रुवारी १९५२ मध्ये तोच माणूस २२ टक्क्यांवर. कोरियाचं युद्ध लांबलेलं, मॅकआर्थर नावाच्या लोकांच्या लाडक्या सेनापतीला त्यानं काढून टाकलेलं, सरकारात भ्रष्टाचाराची प्रकरणं. आणि आज तिथले इतिहासकार अध्यक्षांची क्रमवारी लावतात तेव्हा ट्रुमन पहिल्या दहात असतो. सैन्यातला गोरा-काळा भेद काढायचा आदेश त्यानं १९४८ मध्ये दिला होता, निवडणुकीच्या तोंडावर. त्या निवडणुकीत गॅलपसकट सगळ्यांनी तो हरणार म्हणून सांगितलं, मतदानाच्या बऱ्याच आधी विचारणंसुद्धा थांबवलं, आणि तो जिंकला. शेवटच्या दिवसांत लोकांनी ठरवलं. म्हणजे तोपर्यंत ते 'सांगता येत नाही' मध्येच होते ना! कुणीतरी तेव्हा त्या रकान्याला नीट बघायला पाहिजे होतं.

दोन्ही बुशचं उदाहरण मी क्लासमध्ये नेहमी देते. थोरले बुश, ते आठ वर्षं रेगनचे उपाध्यक्ष होते, १९९१ च्या सुरुवातीला आखाती युद्ध जिंकल्यावर ८९ टक्के. दीड वर्षात २९. मंदी आली, नोकऱ्या गेल्या, आणि १९९२ ला ते हरले. धाकटे बुश, सप्टेंबर २००१ च्या सुरुवातीला ५१, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ९०. नापसंत म्हणणारे शंभरात फक्त ६ उरले. मुलं विचारतात, मॅडम त्यांनी असं काय केलं दोन आठवड्यांत? मी म्हणते काय केलं ते नका बघू, लोकांना काय झालं होतं ते बघा. घराला आग लागल्यावर कुणी घरमालकाच्या चुका काढत नाही. सात वर्षांनी तेच बुश २५ वर आले.

आपल्या लातूरकरांना हे समजायला अमेरिका कशाला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी दुसरीत होते. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, माणसं दमून झोपलेली, आणि भूकंपात किल्लारी, सास्तूर, आसपासची गावंच्या गावं मातीत गेली, हजारो माणसं गेली. आमचं घर लांब होतं, फक्त भिंतीला तडा गेला, पण आईनं पुढं कित्येक महिने आम्हाला अंगणातच झोपवलं. तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते, लगेच आले, यंत्रणा हलवली, पुनर्वसनाचं काम ज्या पद्धतीनं झालं त्याचं कौतुक त्यांचे विरोधकसुद्धा करतात. त्या दिवसांत कुणी पॅड घेऊन आमच्या दारात आलं असतं तर माझ्या वडलांनी, जे जन्मभर काँग्रेसच्या विरोधात बोलले, त्यांनीही खूप समाधानी सांगितलं असतं, मला खात्री आहे. आणि दीड वर्षानं, १९९५ ला, काँग्रेसची सत्ता गेली, युतीचं सरकार आलं. खुद्द लातुरात विलासराव देशमुख पडले. तेच विलासराव १९९९ ला प्रचंड मतांनी परत आले आणि मुख्यमंत्री झाले. माणूस तोच, गाव तेच, मतदारही बरेचसे तेच.

आणि आत्ता आत्ताचं बघा, २०२४ च्या लोकसभेला मराठवाड्यात आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला, आणि सहा महिन्यांत विधानसभेला अख्खं चित्र उलटं. दोन्ही वेळेला टीव्हीवर लोक म्हणत होते की जनतेचा कौल स्पष्ट आहे.

आता अमेरिकेच्या उपाध्यक्षांचं. मुळात त्यांचं काम काय यावरच लोकांचा गोंधळ आहे. राज्यघटनेप्रमाणं सिनेटचं, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाचं, अध्यक्षपद, मतं समसमान पडली तर निर्णायक मत, आणि अध्यक्ष गेला, आजारी पडला, राजीनामा दिला तर त्याची जागा. बाकी अध्यक्ष देईल ते काम. म्हणून त्यांच्याबद्दलच्या सर्व्हेत बऱ्याचदा काम पसंत आहे का असं न विचारता, या व्यक्तीबद्दल तुमचं मत चांगलं आहे की वाईट असं विचारतात, आणि हे दोन प्रश्न एक नाहीत. आमच्या गल्लीतले तलाठी भाऊसाहेब माणूस म्हणून देवमाणूस होते पण सातबारा त्यांनी कधी वेळेवर दिला नाही. दोन आकडे शेजारी ठेवताना आधी प्रश्न काय होता हे बघितलंच पाहिजे, आपल्याकडच्या बातम्यांत ते नव्वद टक्के वेळा नसतं.

आणि नवीन उपाध्यक्षाबद्दल विचारलं की माहीत नाही, मत नाही म्हणणारे चांगले भरपूर असतात. मग हळूहळू तो रकाना रिकामा होतो, पण भरतो कशानं, तर अध्यक्षाबद्दल जे वाटतं त्यानं. धाकट्या बुशचे उपाध्यक्ष डिक चेनी त्यांच्याबरोबर वर गेले आणि त्यांच्याबरोबरच खाली आले, उलट आणखी खाली, जानेवारी २००९ मध्ये जाता जाता एका मोठ्या सर्व्हेत त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे फक्त १३ टक्के होते. बायडन यांच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचं तर मला खरंच वाईट वाटतं. सिनेटमध्ये समसमान मतं पडल्यावर ३३ वेळा निर्णायक मत त्यांनी दिलं, दोनशे वर्षांत कुठल्याच उपाध्यक्षानं इतक्यांदा दिलं नव्हतं, म्हणजे नेमून दिलेल्या कामाचा विक्रम. आणि जून २०२३ मध्ये एनबीसी या टीव्ही वाहिनीच्या सर्व्हेत चांगलं म्हणणारे ३२, वाईट म्हणणारे ४९, त्या सर्व्हेच्या इतिहासात कुठल्याही उपाध्यक्षाचा इतका वाईट हिशोब आला नव्हता. मग जुलै २०२४ मध्ये बायडन निवडणुकीतून बाजूला झाले, ह्या उमेदवार झाल्या, आणि सप्टेंबरमध्ये त्याच सर्व्हेत ३२ चे ४८ झाले. दोन महिन्यांत १६ टक्के. पद तेच, काम तेच, बाई तीच. फक्त आता त्या सावलीतून बाहेर आल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये हरल्या तरीही, पण आकडा काय मोजत होता हे त्या दोन महिन्यांनी दाखवलं असं मला वाटतं.

एक जेराल्ड फोर्ड. हा माणूस उपाध्यक्ष म्हणूनही लोकांनी निवडलेला नव्हता आणि अध्यक्ष म्हणूनही नाही. आधीचे उपाध्यक्ष ॲग्न्यू यांनी १९७३ मध्ये राजीनामा दिला तेव्हा अध्यक्ष निक्सननी यांना नेमलं, संसदेनं मंजुरी दिली, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये वॉटरगेट नावाच्या हेरगिरीच्या प्रकरणात निक्सननाच जावं लागलं, तेव्हा निक्सन २४ टक्क्यांवर होते. फोर्ड आले, ७१ टक्के. एक महिना झाला आणि ८ सप्टेंबरला त्यांनी निक्सनला माफी देऊन टाकली. महिनाअखेर ५०. त्यांना हे होणार हे कळत नव्हतं असं मला नाही वाटत. देश त्याच एका खटल्यात अडकून पडेल म्हणून केलं असं ते सांगायचे, आणि १९७६ ची निवडणूक हरले. २००१ मध्ये त्याच निर्णयासाठी त्यांना केनेडींच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार मिळाला, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. माफी बरोबर होती का यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचं जेवताना भांडण झालंय, तो म्हणतो चोराला सोडलं. मला अजून ठरवता येत नाही. मला कुणी दारात विचारलं तर मी चौथा रकाना मागेन.

म्हणून मी आता कुठलाही सर्व्हे बघितला की आधी पसंत-नापसंत बघतच नाही. मत नाही म्हणणारे किती, ते दाखवलेत का, का शंभराची बेरीज दोन रकान्यांतच उरकलीय, हे बघते. उपराष्ट्रपतींच्या कामावर मत नाही असं शंभरातले सत्तर म्हणले तर ते सत्तर अडाणी नाहीत, त्या पदाचं आणि लोकांचं नातं किती आहे ते त्यांनी सांगितलंय. आणि जिथं ते पाचच्या आत आणलेत तिथं मला निलंग्याची आजी दिसते.

ते काम मी तीन महिन्यांत सोडलं. शेवटच्या हप्त्याचे पैसे मिळाले नाहीत, मीही मागायला गेले नाही.

क्लासमध्ये आम्ही ठरवलंय की रविवारी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात जायचं. बारा जण आहेत, प्रत्येकानं दहा माणसं, वाटेल ती नाही, दर पाचव्या दुकानातलं एक गिऱ्हाईक, बाई आणि पुरुष निम्मे निम्मे, एका वेळी एकाच माणसाशी बोलायचं, गर्दी जमली तर बाजूला न्यायचं. प्रश्न दोनच, मुख्यमंत्र्यांच्या कामाबद्दल एक आणि उपराष्ट्रपतींबद्दल एक. फॉर्म मीच टाईप केलाय, त्यात 'सांगता येत नाही' चा रकाना सगळ्यात रुंद ठेवलाय आणि त्याच्याखाली तीन रिकाम्या ओळी सोडल्यात, माणूस पुढं जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायला. दोनदा विचारायचं नाही असं वरती ठळक लिहिलंय. उदगीरच्या त्या मुलीला मी फॉर्म तपासायला बसवणार आहे. झेरॉक्स काढून आणलेत, पाऊस नसला तर अकराला निघू.